नाव कुळाचं, माणूस तात्पुरता

सामोआत ‘मताई’ म्हणजे प्रमुख होणं, हे मुळात कुळाचं जुनं नाव धारण करणं असतं. ते बापाकडून मुलाला आपोआप मिळत नाही. ‘आइगा’, म्हणजे विस्तारलेलं कुटुंब, एकत्र बसून ठरवतं आणि गैरवर्तन झालं तर काढूनही घेतं. म्हणून ही सत्ता मला मालकाची नव्हे, विश्वस्ताची वाटते. परंपरेतल्या सालामासिना राणीने चार सर्वोच्च नावं एकत्र धारण केली, तीही वेगवेगळ्या घराण्यांच्या संमतीने. यावरचा एक आक्षेप मात्र रास्त आहे: 1962च्या स्वातंत्र्यानंतर मतदान जवळजवळ मताईंपुरतंच राहिलं, आणि मताई बहुतांशी पुरुष. 1990च्या सार्वमताने सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला, उमेदवारी मात्र मताईंकडेच राहिली. आता एकच नाव अनेकांना दिलं जातं. त्यावरचे तंटे जमीन व पदव्यांच्या न्यायालयात जातात आणि तिथे वंशावळी पुरावा म्हणून मांडल्या जातात.