चिकित्सक वाचन (शालेय)

मजकुरातील दावा, पुरावा आणि लेखकाचा हेतू वेगळे करून तपासत केलेले वाचन.

उगम : मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४ पासून) वाचनावर स्वतंत्र निबंध लिहिला. विद्यार्थ्यांसाठी पद्धतशीर मांडणी अमेरिकेत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये केली : आधी चाळणे, प्रश्न काढणे, वाचणे, न पाहता सांगणे, पुन्हा पाहणे (पहा : अध्ययनतंत्रे). पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार झाली (१९१९–६६). तेथे प्रत्येक श्लोकाचे पाठभेद हस्तलिखितांतून ताडून पाहिले गेले. एकाच प्रतीवर विसंबायचे नाही, ही शिस्त विद्यार्थ्यालाही तितकीच लागू पडते (पहा : पाठचिकित्सा).

स्वरूप : ‘शहरातील मुले आता वाचत नाहीत’ हे वाक्य घेतल्यास कोणती मुले, कोणते शहर, मोजले कोणी, ‘आता’ म्हणजे कधीपासून आणि वाचनात पाठ्यपुस्तक धरले की नाही, असे प्रश्न समासात पेन्सिलीने लिहिले जातात. उत्तर मजकुरात मिळाले तर त्या ओळीखाली रेघ. न मिळाल्यास तो दावा लेखकाचे मत म्हणून नोंदवायचा. अर्थ समजणे ही पहिली पायरी, मूल्यमापन त्यानंतरचे (पहा : आकलन).

महत्त्व : महाराष्ट्रातील दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत अपठित गद्य व स्वमत यांवर कृती असतात. स्वमतासाठी पाठ केलेले उत्तर अपुरे ठरते. उताऱ्यातील आधार दाखवावा लागतो. सराव मात्र परीक्षेपुरता राहिल्यास वर्तमानपत्र, जाहिरात व मोबाइलवरील संदेश न तपासताच स्वीकारले जातात (पहा : माध्यमसाक्षरता).