म्हाताऱ्या ताऱ्यांची धूळ : काक्षी का काळवंडला होता?

फेब्रुवारीत रात्री साडेआठच्या सुमारास भिंगारमधल्या एखाद्या गच्चीवरून वर पाहा. मृग नक्षत्रातला तांबूस तारा जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेला दिसेल. हा काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस. २०१९च्या अखेरीस तो फिका पडू लागला आणि फेब्रुवारी २०२०मध्ये त्याचं तेज नेहमीच्या निम्म्याहून कमी झालं. ‘आता फुटणार!’ अशा पोस्ट धडाधड फिरल्या.

तो फुटला नाही. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांत त्याचा दक्षिणेकडचा भाग झाकोळलेला दिसला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ताऱ्याने आधी वायूचा मोठा लोट बाहेर टाकला होता. पुढे पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, त्या लोटातली द्रव्यं गोठली आणि धुळीचा पडदा तयार झाला.

काक्षीसारखे महाराक्षसी तारे मोजकेच. धूळ बनवण्याचं काम शांतपणे, पण कितीतरी मोठ्या संख्येने करतात ते सूर्यासारखे म्हातारे तारे. इंधन संपत आलं की असा तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. आपला सूर्यही सुमारे ५०० कोटी वर्षांनी याच वाटेने जाणार आहे. फुगलेला तारा आकुंचन-प्रसरण पावू लागतो. त्या धक्क्यांनी बाहेरचा वायू वर उचलला जातो आणि तापमान हजार-दीड हजार अंशांपर्यंत उतरलं की त्यात घन कण धरू लागतात. हे कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून लहान असतात. ताऱ्याचा प्रकाश त्यांना बाहेर ढकलतो आणि कण जाताना वायूलाही ओढून नेतात.

कण कसले, हे कार्बन आणि ऑक्सिजनच्या हिशेबावर ठरतं. दोघे जोडी जमवून कार्बन मोनॉक्साइड होतात. उरेल त्याची धूळ. ऑक्सिजन उरला तर वाळूच्या जातीचे सिलिकेट कण, कार्बन उरला तर काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते तशीच, फक्त ताऱ्याभोवती! अंतराळातल्या धुळीत कार्बनी ताऱ्यांतून आलेलं ग्रॅफाइट असावं, असं फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९६२मध्ये मांडलं. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

पण हे तारे नवी मूलद्रव्यं खरंच घडवतात, की जुनीच बाहेर टाकतात? उत्तर १९५२मध्ये मिळालं. पॉल मेरिल यांना काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या खुणा सापडल्या. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे आणि ताऱ्याच्या वयाच्या मानाने फार लवकर नष्ट होतं. म्हणजे ते तिथेच, नुकतंच तयार झालेलं असणार.

ही धूळ हातात घेऊन तपासताही आली आहे. १९६९मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केत सिलिकॉन कार्बाइडचे असे कण सापडले. २०२०च्या एका अभ्यासात त्यातल्या सर्वांत जुन्या कणांचं वय सुमारे ७०० कोटी वर्षं निघालं. सूर्याचं वय आहे सुमारे ४६० कोटी.