वृद्धनिवास निवडताना काय पाहावं? कायदा काय सांगतो?

नाशिकजवळच्या एकलहऱ्याची ओळख म्हणजे २१० मेगावॅटचे तीन संच असलेलं औष्णिक वीज केंद्र. अशा गावांत नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. मुलं पुण्या-मुंबईला, नाहीतर आखातात. मग अम्मी-अब्बांना कोण बघणार? ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपोटी आपल्या समाजात हा विषय घरातच दाबला जातो. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

वृद्धाश्रम आणि वृद्धनिवास

वृद्धाश्रम हा बहुधा निराधारांचा आधार असतो. सहाय्यक वृद्धनिवासात मात्र वडीलधारी माणसं पैसे भरून स्वतःच्या खोलीत राहतात. अंघोळ, कपडे, औषधं, चालणं यांत लागेल तेवढीच मदत मिळते.

जाण्याआधी विचारा

रात्री ड्यूटीवर कोण असतं? बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत का? अँब्युलन्स कुठून येते? डिपॉझिट परत कधी मिळतं? हे सगळं करारात लिहून घ्या. हलाल जेवण, बसून वुजू करायची सोय, नमाजची जागा, जुम्म्याला मशिदीत न्यायची व्यवस्था हेही मोकळेपणाने विचारा. रमजानमध्ये सहरी-इफ्तार मिळते का, तेही बघा. शुगरच्या पेशंटने रोजे धरण्याआधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये.

कायद्याचा आधार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ सर्व धर्मांना लागू आहे. स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसेल तर आई-वडील आणि आजी-आजोबा सज्ञान मुलं-नातवंडांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. निकाल ९० दिवसांत अपेक्षित असून अपवाद म्हणून आणखी ३० दिवस मिळतात. कायद्यात रकमेची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घर मुलाच्या नावावर करताना सावध राहा. ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. अट असूनही मुलाने ती पाळली नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अटच लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होऊन बसतं.

लक्षात ठेवा

एल्डरलाइनचा मोफत नंबर १४५६७ आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, उत्पन्नाची अट नाही.

वृद्धनिवासात ठेवलं म्हणजे जबाबदारी संपली, असं नाही. रोजचा एक फोन आणि ईदला घरी आणणं, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच करायचं आहे.