करंजाच्या बीपासून बेंझिनच्या कड्यापर्यंत : द. बा. लिमये यांचे संशोधन

१/ मुदखेडचा परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. गुलाबाच्या दरवळात फेनिल इथाइल अल्कोहोल या संयुगाचा मोठा वाटा असतो आणि रसायनशास्त्र त्याला ‘अरोमॅटिक’, म्हणजे शब्दशः सुगंधी, म्हणते. पण मराठवाड्यात ओढ्याकाठी दिसणाऱ्या करंजाचे तेल कडू आणि उग्र वासाचे. त्यातले करंजिन हे संयुगही अरोमॅटिकच! असे का?

२/ याचे उत्तर इतिहासात आहे. १९व्या शतकात कडू बदाम, लोबान, टोंका बी यांपासून मिळणाऱ्या सुवासिक पदार्थांना हे नाव पडले. १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी बेंझिन वेगळे केले. १८६५ मध्ये केकुले यांनी सहा कार्बन अणूंच्या कड्याची कल्पना मांडली. या पदार्थांचे खरे नाते वासाचे नसून कड्याचे आहे, हे पुढे स्पष्ट झाले. नाव मात्र तेच राहिले.

३/ करंजाचे तेल आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिव्यासाठी आणि त्वचारोगांवर वापरले गेले. त्या तेलातून करंजिन वेगळे केल्याचे काम १९२५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १२व्या अधिवेशनात सादर झाले. संशोधक होते पुण्याचे दत्तात्रय बाळकृष्ण लिमये.

४/ त्यांची कर्मभूमी होती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाने उभी राहिलेली रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूट. आज फर्ग्युसन रस्त्यावरचे ‘रानडे इन्स्टिट्यूट’ म्हटले की पत्रकारिता आणि परकीय भाषा आठवतात. त्या नावामागे रसायनशास्त्राचाही एक अध्याय आहे.

५/ लिमये यांनी सोडवलेले कोडे असे. रिसॉर्सिनॉल म्हणजे पहिल्या व तिसऱ्या स्थानी हायड्रॉक्सिल गट असलेले बेंझिनचे कडे. त्यावर नवा अ‍ॅसिटिल गट बसवू गेल्यास तो सहसा मोकळ्या चौथ्या स्थानी जातो. दोन हायड्रॉक्सिलांच्या मधले, दाटीचे दुसरे स्थान रिकामेच राहते.

६/ लिमये यांनी सोपी जागा आधीच अडवून ठेवली. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांपासून कूमरिन वर्गाचे संयुग बनवले की चौथे स्थान आणि एक हायड्रॉक्सिल, दोन्ही नव्या कड्यात गुंततात. उरलेल्या हायड्रॉक्सिलवर अ‍ॅसिटिल गट चढवून निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडसह तापवले की तो गट सरकून प्रामुख्याने मधल्या जागी बसतो.

७/ शेवटी अल्कलीने कूमरिनचे कडे तोडायचे. अडसर दूर होतो आणि दुसऱ्या स्थानी अ‍ॅसिटिल असलेले रिसॉर्सिनॉल हाती येते. बांधकाम उरकल्यावर परात काढून घ्यावी, तसेच हे. ही रीत ‘निधोन प्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते.

८/ करंजिनच्या रेणूतही दोन ऑक्सिजनांमधल्या नेमक्या याच स्थानावर आणखी एक कडे जोडलेले असते. म्हणजे करंजाच्या बीने विचारलेला प्रश्न आणि प्रयोगशाळेतले हे कोडे एकमेकांपासून दूर नव्हते.

९/ हे काम १९३२ मध्ये ‘बेरिश्टे’ या प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकात आले. १९३६ पासून मात्र लिमये यांचे संशोधन ‘रसायनम्’ या पुण्याच्याच, संस्कृत नावाच्या नियतकालिकात दिसू लागते. संशोधन इथे करायचे तर ते प्रसिद्धही इथेच व्हावे, असा स्वाभिमान त्यात वाचता येतो.

१०/ या स्वाभिमानाची किंमतही होती. जर्मन नियतकालिक जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचत असे. पुण्याचे छोटे नियतकालिक तेवढे पोहोचणे अवघड होते. तरीही रीत टिकली. प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळूनच छापणाऱ्या ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ या अमेरिकी संग्रहात १९४१ मध्ये याच मार्गाने जाणारी कृती समाविष्ट झाली.

११/ त्या कृतीतून मिळणारे संयुग आज मास स्पेक्ट्रोमेट्रीत मोठ्या जैविक रेणूंचे वस्तुमान मोजताना वापरले जाते. ते वापरणाऱ्या किती हातांना लिमये हे नाव ठाऊक असेल? विज्ञानाच्या इतिहासात रीत उरते आणि माणूस पुसला जातो, असे अनेकदा घडते. करंजाच्या सावलीत वाढलेल्या मराठी वाचकाने तरी हे नाव ध्यानात ठेवावे.

(समाप्त)