किनारा पायी मोजणारा संशोधक

नामपल्लीत उभे राहून समुद्रावर बोलावे, हे काही श्रोत्यांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु सागरी कासवांच्या अभ्यासात या नगरीचाही वाटा आहे. येथील सीसीएमबी या संस्थेत झालेल्या जनुकीय संशोधनाने, २००४ साली, भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांचा वंश वेगळा व प्राचीन असल्याचे दाखविले. मात्र प्रयोगशाळेच्या आधी कोणीतरी वाळू तुडवावी लागते. ते काम सतीश भास्कर (१९४६–२०२३) यांनी केले.

मद्रासच्या आयआयटीतील अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. रोम्युलस व्हिटेकर यांच्या सर्पोद्यानाशी संबंध आला आणि १९७७ पासून लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, कच्छ असे किनारे त्यांनी पायी पालथे घातले. पद्धत साधी होती. पहाटे वाळूवरचा माग पाहायचा. दोन्ही वल्ह्यांचे ठसे समोरासमोर असतील तर हिरवे कासव किंवा लेदरबॅक. आळीपाळीने असतील तर रिडले किंवा हॉक्सबिल.

लक्षद्वीपमधील निर्जन सुहेली बेटावर हिरवी कासवे ऐन पावसाळ्यात अंडी घालतात आणि नेमक्या त्याच दिवसांत बोटी बंद असतात. तेव्हा १९८२ साली भास्कर पावसाआधी तेथे उतरले आणि सुमारे पाच महिने एकटे राहिले. जुलैत पत्नीला लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले. चोविसाव्या दिवशी ते श्रीलंकेतील एका कोळ्याच्या हाती लागले आणि त्या भल्या माणसाने ते पुढे टपालाने धाडले! आपल्या टपालखात्यालाही हेवा वाटावा अशी ही कथा.

पुढे १९८४-८५ मध्ये न्यू गिनीत त्यांनी सुमारे ७०० लेदरबॅक कासवांना खुणेचे बिल्ले लावले.

पदवी नसल्याने त्यांचे बरेचसे लेखन अहवालांतच राहिले. विद्यापीठांनी त्यांची दखल उशिरा घेतली, असे माझे मत आहे. २०१० साली गोव्यातील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांचा गौरव झाला. गोव्यातच ते स्थायिक झाले होते.

ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरातील लेदरबॅकची घरटी त्यांनी नोंदविली होती. २००४ च्या त्सुनामीने तो किनारा खरवडून नेला. कासवे पुढे परतली. जानेवारी २०२१ मध्ये तेथील अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदर-प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये भास्कर निवर्तले.