पोटगी आणि नवा संसार

चांदा जिल्ह्याच्या अरण्यात एखाद्या गोंड स्त्रीने पहिल्या पतीचे घर सोडून दुसऱ्याच्या घरी संसार मांडला, म्हणजे पंच जमत. पहिल्या पतीला लग्नासाठी आलेला खर्च नव्याने भरून द्यावा, जातभाईंना जेवण घालावे आणि तंटा मिटला असे सर्वांनी समजावे, अशी रीत होती. मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा चालीरीतींची नोंद आढळते. या रीतीत दुसरा संसार चोरून करावा लागत नसे, हा तिचा गुण. परंतु पैसा पुरुषाकडून पुरुषाकडे जाई. स्त्रीच्या पदरात त्यातले काही पडत नसे, हा तिचा दोष.

पोटगीची कल्पना याहून निराळी. सोडलेल्या स्त्रीच्या पोटाची तजवीज कोणी करावी, हा तिच्यातील प्रश्न होय. १८५४ मध्ये चांदा इंग्रजी अमलाखाली आल्यावर या प्रश्नाचे उत्तर पंचांच्या बरोबरीने मॅजिस्ट्रेटही देऊ लागला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमान्वये पत्नीला दरमहा पन्नास रुपयांपर्यंत पोटगी मिळू शके. मात्र ती 'व्यभिचारात राहत' असेल तर तिचा हक्क जाई. १९०७ मध्ये मद्रासच्या उच्च न्यायालयाने 'राहत असणे' या शब्दांवर बोट ठेवले आणि एखाद्या वेळच्या स्खलनाने पोटगी बुडत नाही, त्यासाठी तसे वर्तन चालू असले पाहिजे, असा अर्थ लावला. तथापि हे सारे पत्नीपुरते होते. काडीमोड झाली की स्त्री पत्नी राहत नसे आणि या कलमाचा आधारही सरत असे.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने दोन वाटा काढल्या. पहिली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची. त्याच्या २५ व्या कलमान्वये घटस्फोटाच्या वेळी किंवा नंतरही न्यायालय निर्वाहाची रक्कम ठरवू शकते. परंतु ती घेणाऱ्या व्यक्तीने पुनर्विवाह केला, अथवा घेणारी स्त्री शीलवती राहिली नाही असे ठरले, तर तो हुकूम बदलता येतो. रक्कम घेणारा पती असेल, तर परस्त्रीशी संबंध ठेवल्याबद्दल त्यालाही हाच नियम लागू आहे. मूळ कायद्याप्रमाणे अशा प्रसंगी हुकूम रद्द करणे न्यायालयावर बंधनकारक होते. १९७६ च्या दुरुस्तीने रक्कम कमी करावी की पोटगी अजिबात थांबवावी, हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविले. एका शब्दाचा हा बदल अनेक स्त्रियांच्या चुलीशी निगडित आहे.

दुसरी वाट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या या संहितेच्या १२५ व्या कलमात 'पत्नी' या शब्दाची व्याख्या विस्तारली. घटस्फोट झालेली आणि पुनर्विवाह न केलेली स्त्रीही पत्नीच गणली जाऊ लागली. मग अशी स्त्री विवाहाविना दुसऱ्याबरोबर राहू लागली तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, विवाहच उरला नसेल तर व्यभिचाराचा आरोप कशाच्या आधारावर करावयाचा? घटस्फोटिता पुनर्विवाह करीपर्यंत आणि स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असेपर्यंत पोटगी मागू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमातही ही व्याख्या कायम आहे.

याचा परिणाम चमत्कारिक झाला. चंद्रपूर शहरातील हिंदू घटस्फोटितेचे नवे सहजीवन एका कायद्याखाली तिच्या शीलाचा प्रश्न बनते. दुसऱ्या कायद्याखाली ते तसे बनत नाही. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतील माडिया किंवा गोंड स्त्रीची स्थिती आणखी निराळी. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिचा विवाह आणि तिची काडीमोड रूढीने ठरते. पोटगीसाठी मात्र तिला सर्व धर्मांच्या व जमातींच्या स्त्रियांना खुली असलेली मॅजिस्ट्रेटची वाट आहे. अडचण आहे ती पुढेच. जमातीच्या रीतीने दुसरे घर केले तर तो रूढीप्रमाणे पुनर्विवाह ठरतो आणि जुनी पोटगी संपते. रीत झाली नसेल तर ते केवळ सहजीवन. त्यामुळे पंचांसमोर जेवण झाले की नाही, यावर पोटगीचा हक्क अवलंबून राहू शकतो!

नव्या सोबत्याकडून तरी तिला आधार मिळेल काय? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा 'विवाहसदृश संबंध' मान्य करतो. परंतु २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी अटी सांगितल्या: दोघेही विवाहास कायद्याने पात्र असावेत आणि बराच काळ समाजात पतिपत्नीप्रमाणे वागलेले असावेत. सोबत्याची पहिली पत्नी हयात असून तो विवाह कायम असेल, तर हा आधार डळमळीत होतो. जुनी पोटगी वादात आणि नवा आधार अनिश्चित, अशा पेचात ती सापडते. मुलांची पोटगी मात्र आईच्या वर्तनावर अवलंबून नसते. ती बापाकडे मागण्याचा मुलांचा हक्क स्वतंत्र आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून उद्भवलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी असा दंडक घातला की, पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न व मालमत्ता शपथेवर सांगावी. परिस्थिती पालटल्यास पोटगीची रक्कम कमीअधिक करण्याची सोय तर फौजदारी संहितेत आधीपासूनच आहे. नव्या सोबत्यामुळे त्या स्त्रीचा निर्वाह खरोखर होत असेल, तर रकमेचा फेरविचार करण्यास हा मार्ग पुरेसा आहे. त्यासाठी तिच्या दारावर पाळत ठेवण्याचे कारण नाही.

अरण्यातील पंचांनी पहिल्या पतीचा खर्च मोजला. पुढच्या कायद्याने स्त्रीचे शील मोजले. तिच्या घरात धान्य किती आणि ते कोण आणून देतो, हे मोजण्याकडे न्यायालये आता वळत आहेत. पोटगीचा मूळ प्रश्न तोच होता.