‘मेक’ आणि विशेष चिन्हांचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकीय आज्ञावलींच्या बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मेक’ या साधनाने अर्ग्युमेंटमधील विशेष चिन्हे कशी हाताळली, याचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

१९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. बदललेली फाइल संकलित करावयाची राहिल्याने बिनचूक आज्ञावलीतच दोष शोधण्यात एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली, हे त्याचे निमित्त. आज्ञेची ओळ ‘टॅब’नेच सुरू व्हावी, हा नियम तेव्हाचाच. तो गैरसोयीचा असल्याचे लवकरच ध्यानात आले. परंतु तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून तो तसाच ठेवला गेला. डझनभरांसाठी राखलेला हा नियम पुढील पिढ्यांनी निमूटपणे पाळला.

खरा पेच ग्नू मेकमधील फंक्शनांमुळे निर्माण झाला. रिचर्ड स्टॉलमन व रोलंड मॅकग्राथ यांच्या या आवृत्तीत दोन अर्ग्युमेंटांमध्ये स्वल्पविराम असतो. मग मजकुरातच स्वल्पविराम असेल तर? अवतरणचिन्हांचा येथे उपयोग नाही; मेकच्या लेखी ती साधी अक्षरेच होत. म्हणून स्वल्पविराम एका चलात साठवून अर्ग्युमेंटमध्ये त्या चलाचा उल्लेख करण्याची युक्ती रूढ झाली. अर्ग्युमेंटांची विभागणी आधी व चलांचा विस्तार नंतर होत असल्याने ती साधते. मोकळ्या जागेसाठी तर प्रथम एक रिकामा चल निर्माण करून त्याच्या दोन उल्लेखांमध्ये ती जागा अक्षरशः कोंडून ठेवावी लागते! बेल प्रयोगशाळेतच कर्निघन व रिची यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या ‘एम४’मध्ये अवतरणाची सोय होती. हे पाहता ग्नू मेकमधील ही उणीव अपरिहार्य नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उणीव दूर करणे मात्र सोपे नसते. जानेवारी २०२० मधील ४.३ या आवृत्तीने फंक्शनच्या आतील हॅश चिन्हास टिप्पणीचा आरंभ मानणे थांबविले. पूर्वी त्यामागे उलटी तिरकी रेघ द्यावी लागे. आता तीच रेघ मजकुरात उतरू लागली. परिणामी एकच फाइल जुन्या व नव्या आवृत्तींत भिन्न फळ देऊ लागली. हा बदल येणार हे ओळखून लिनक्सच्या गाभ्याच्या बांधणी-फाइलींत २०१८ मध्येच दुरुस्ती करण्यात आली होती. तिथेही उपाय जुनाच योजला गेला : हॅश चिन्हासाठी एक स्वतंत्र चल.